परस बुजवू नका



कार्तिक सरत आलाय. आळंदीची वारी उरकून माळकरी आपापल्या गावी पोचले. पहाटे दव पडायला लागलंय. कांद्याची लागण, बटाट्याला भर, गव्हाचं पहिलं पाणी, सगळी कामं एकदम अंगावर आलीत. या गडबडीत पिकाची नोंद टाकायची सोडून आज मी भांडायला बसलोय. भांडण परसाचं आहे.

परस म्हणजे घरामागची ती गुंठा-अर्धा गुंठा जागा. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणावर वालाचा वेल, गोठ्याच्या छपरावर भोपळा, कोपऱ्यात शेवगा आणि कढीपत्ता, मधे चार वाफे. माझं म्हणणं एवढंच, की परसातला वाफा ही शेतीच आहे. तिला आपण शेती मानली नाही, म्हणून ती आज खोल्यांखाली आणि सिमेंटच्या ब्लॉकखाली चाललीय.

आपला पट्टा बघा. १९५४ ला पिंपरीत अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, साठ सालानंतर एमआयडीसी आली. १९८२ ला महापालिका झाली. १९९७ ला मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे महापालिकेत गेली. नव्वदीनंतर एमआयडीसी इंद्रायणी ओलांडून चाकणकडं सरकली. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मग सावरदरी, वासुली, वराळे, भांबोली. जिथं कांदा-बटाटा निघायचा तिथं आता गाड्या निघतात. कुणाची जमीन कायद्यानं गेली, कुणाची दराच्या मोहानं, कुणाची भावकीच्या वाटण्यांनी. त्यावर आज बोलत नाही.

आज बोलतोय ते कुणी न मागितलेल्या जागेबद्दल. परसाला एमआयडीसीची नोटीस आली नव्हती. परसावर दलाल बसला नव्हता. परस आपल्याच लोकांनी, आपल्याच हातानं बुजवलं. एकानं खोल्या काढल्या, दुसऱ्यानं बघून काढल्या. ज्याला खोल्या काढायच्या नव्हत्या त्यानं "चिखल होतो, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही" म्हणून ब्लॉक बसवले. आता त्या ब्लॉकवर प्लास्टिकच्या दोन कुंड्या ठेवल्यात आणि त्यात शोभेचं झाड आहे. जनावरानं खाल्लं तरी थुंकून टाकील असलं.

आणि गंमत बघा राव. त्याच मोशी-चिखलीच्या सोसायटीतली माणसं गच्चीवर गोणीत मेथी लावतात. कोकोपीट विकत, गांडूळखत विकत, मातीसुद्धा पिशवीनं विकत. त्यांना मी हसत नाही, उलट हात जोडतो. ज्याच्याकडं माती नाही तो पैसे मोजून वाफा करतोय. आणि ज्याच्या परसात पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणखतानं काळी झालेली माती आहे, तो तिच्यावर खडी ओततोय.

आता तुमचा हिशेब ऐकतो. तुम्ही म्हणणार, दहा बाय दहाच्या एका खोलीचं महिन्याला तीन-चार हजार भाडं येतं, मेथीच्या वाफ्यातून काय येणार? बरोबर आहे. पैशाच्या हिशेबात खोलीपुढं वाफा टिकत नाही. हे मान्य करूनच पुढं बोलतो, कारण खोटा हिशेब मांडून परस वाचणार नाही.

पण हिशेब सगळ्या वर्षांचा मांडा. २०१९ ला वाहनधंद्यात मंदी आली, कंपन्यांनी काही दिवस कामच बंद ठेवलं, तेव्हाच खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. मग २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. कामगार आधी पायी, मग ट्रकनं, मे महिन्यात श्रमिक रेल्वेनं आपापल्या मुलखात गेला. खोल्यांना कुलपं लागली. ज्यांनी कर्ज काढून बांधल्या होत्या त्यांच्या डोक्यावर व्याज चढत राहिलं. आठवडे बाजार बंद. ज्या घराचं सगळं उत्पन्न भाड्यावर होतं, त्या घरात पैसा नव्हता आणि भाजीही नव्हती. आमच्या परसात तेव्हा शेवग्याला शेंगा होत्या, वांगी होती, पालकाची तिसरी कापणी चालू होती. श्रीमंती नव्हती ती. पण ताटात भाजी होती आणि शेजारच्या दोन घरांतही जात होती.

भाडं कंपनीच्या शिफ्टवर चालतं. वाफा कुणाच्या शिफ्टवर चालत नाही. दोन्ही ठेवायला कुणी अडवलंय? एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. सहा खोल्यांच्या जागी तीन बांधा, अर्धा गुंठा मोकळा सोडा. साडेपाचशे फुटांत दहा बाय चारचे आठ वाफे बसतात, वर चालायला वाट राहते, कडेला शेवगा आणि लिंबू राहतं. ज्याच्याकडं तेवढीही जागा नाही त्यानं दोन वाफे ठेवावेत. पण शून्य करू नका. एकदा काँक्रीट पडलं की ते फोडून कुणी वाफा केलेला मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही.

दुसरा वाद, "भाजी बाजारात दहा-वीस रुपयाला जुडी मिळते, कशाला राबायचं?"

जुडी मिळते हे खरं. ती कुठल्या पाण्यावर आली ते जुडीवर लिहिलेलं नसतं. इंद्रायणीवर साबणासारखा पांढरा फेस तरंगतो, त्याचे फोटो गेली काही वर्षं वारीच्या दिवसांत सगळ्या वर्तमानपत्रांत येतात. वारकरी त्या पाण्याला हात लावताना विचार करतो. नदीकाठच्या मोटारी काय उपसतात याचा विचार जुडी घेताना कोण करतो? फवारा मारून किती दिवसांनी काढणी केली, तेही जुडी सांगत नाही. मेथी महिन्याभराचं पीक आहे. त्यात औषध मारून थांबायला दिवस उरतातच किती, हे आपण शेतकरी शहरवाल्यापेक्षा जास्त जाणतो. विकायच्या वाफ्याला एक फवारा आणि घरच्यासाठी राखलेल्या ओळीला काही नाही, ही रीत गावोगाव आहे. ती ओळ म्हणजेच परस. लोकांना मनातून परस पटलेलं आहे, फक्त तोंडानं कबूल करायचं नाही.

आणि खायचं किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ ला सांगितलेल्या आहारात माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी धरलीय. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो. किती घरांत रोज दोन किलो भाजी विकत येते? आमटीत बटाटा टाकला की भाजी झाली, असा कारभार आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या चोपन्न बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. यात गरिबी आहे, बाळंतपणं आहेत, बाकीही कारणं आहेत, नुसत्या मेथीनं हे सगळं मिटणार नाही. पण पालेभाजी घराच्या मागं असली की रोज खुडली जाते आणि बाजारात असली की आठवड्यातून एकदा येते, एवढं तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. परस सगळी गरज भागवत नाही. पालेभाजीचा वाटा मात्र भागवतं.

एक गोष्ट सांगतो. आमच्याकडं भाड्यानं राहायला बिहारकडची एक बाई होती. मार्गशीर्षात गव्हाच्या बांधाला तिनं तण उपटून पदरात भरलं. विचारलं तर म्हणाली, बथुआ आहे, साग करते. बघितलं तर आपला चाकवत. आपल्या आज्या ताकातला चाकवत करायच्या. आता गव्हात तो उगवला की रुंद पानाच्या तणाचं औषध मारून आपण तो जाळतो, आणि तोच चाकवत थंडीत मंडईतून जुडीनं विकत आणतो. ज्या बाईला आपण "खोलीवाली" म्हणतो तिला आपल्या रानातली भाजी ओळखता येते आणि आपल्या पोरांना येत नाही. (औषध मारलेल्या गव्हातला चाकवत मात्र खुडू नका. त्याचं बी राखून परसात एक पट्टा टाका, आपोआप येतो.) खोल्या असतील तर भाडेकरणींनाही एक-एक वाफा द्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेल्या या बाया शेतकऱ्यांच्याच लेकी आहेत. हात चालतात त्यांचे.

तिसरा वाद चळवळीतल्या मित्रांचा. तो जास्त धारदार आहे. ते म्हणतात, "सरकार कांद्याला भाव देत नाही आणि तुम्ही आम्हाला मेथी पेरायला सांगता? परसबागेचं गाणं गाऊन भावाचा प्रश्न गाडायचा डाव आहे हा."

भावाचा प्रश्न गाडू नका. निर्यातबंदी लागते तेव्हा मीही रस्त्यावर येतो. पण आपल्याच मातीतला इतिहास जरा आठवा. शरद जोशी परदेशातली नोकरी सोडून याच तालुक्यात आंबेठाणला येऊन अंगारमळ्यात राबले. १९७८ ला चाकणच्या कांद्यावरून त्यांनी आंदोलन उभं केलं. भावाबद्दल त्यांच्याइतकं रोखठोक बोलणारा दुसरा कोण झाला? त्याच माणसानं १९९१ ला शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. क्रम बघा. पहिली सीताशेती. घरच्या बाईच्या हातात जमिनीचा तुकडा, बाहेरून विकत आणायच्या गोष्टींना फाटा, सुरुवात घरच्या गरजेपासून. निर्यात चौथी. आपण पहिली पायरी गाळून एकदम चौथीवर उडी मारली, आणि बंदर बंद झालं की खाली पडतो. भाव पडला तर कांदा चाळीत थांबू शकतो. पण थांबायला घर चालावं लागतं, आणि रोजच्या खर्चातला जेवढा भाग घरामागून निघतो तेवढे दिवस तुम्ही जास्त थांबू शकता. परस भावाच्या लढाईत शिदोरीचं काम करतं.

खरं कारण वेगळंच आहे, ते बोलून टाकतो. परसात बाई राबते, म्हणून ती शेती नाही. बापयानं एकर कांदा केला, तोट्यात गेला, तरी तो शेतकरी. बाईनं वर्षभर घराला भाजी पुरवली तर ती "बागेत वेळ घालवते". आमच्या घरात परस मालकीण बघते. आळ्याला पाणी कधी, वालावर मावा कधी येणार, कुठली वांगी बियाला सोडायची, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी फक्त मोबाईलवर लिहितो. खोल्या बांधायचा निर्णय मात्र गावात कुठल्याच घरी बाईला विचारून होत नाही.

आता कृषी खात्यातल्या, कृषी विज्ञान केंद्रातल्या आणि विद्यापीठातल्या साहेबांना. तुम्ही हे पान वाचता म्हणून थेट बोलतो, राग मानू नका.

तुमच्या कागदावर परस नाही. गावठाणाला सातबारा नसतो. सातबारा नाही म्हणून पीक पाहणी नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, आम्ही बांधावर उभं राहून फोटो टाकतो, पण घरामागच्या वाफ्याला त्यात जागा नाही. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाण मोजलं, मिळकत पत्रिका आली. त्यात घर दिसतं, मोकळी जागा दिसते. त्या मोकळ्या जागेत काय पिकतं हे विचारणारा रकाना नाही. जे मोजलं जात नाही ते बुजवलं तरी कुणाच्या तक्त्यात खड्डा पडत नाही.

तुमची शिफारसही हेक्टरात असते. मेथीचं बी हेक्टरी २५ किलो. बाईनं त्याचं काय करायचं? मी गणित केलं. गुंठ्याला अडीचशे ग्रॅम, दहा बाय चारच्या वाफ्याला दहा ग्रॅम, पाल्यासाठी दाट टाकायचं तर दुप्पट. म्हणजे मूठसुद्धा भरत नाही. हे दोन ओळीचं गणित पुस्तिकेत छापायला काय हरकत आहे? निंबोळी अर्क पाच टक्के म्हणता, तर सांगा ना की अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून दहा लिटर पाणी करायचं. औषधाच्या बाटलीवर मात्रा एकराची, आणि फवारायचा एक वेल. मग माणूस अंदाजानं टोपण ओततो. तिथं चुकतं.

आणि ती बियाण्याची किटं. मी पाहिलेली बरीचशी फेब्रुवारी-मार्चात वाटली गेली. बाहेर ऊन चढतंय आणि पाकिटात पालक अन्‌ वाटाणा. फोटो काढला, यादीवर सही घेतली, संपलं. परस वर्षभर चालवायचं असेल तर बी हंगामाच्या आधी द्या, आणि सरळ वाण द्या, म्हणजे पुढच्या साली पाकिटाची वाट बघायला नको. संकरित बियाणं घरी राखलं तर पुढं तसंच येत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घरच्या परसापासून सुरुवात करून, बायफ संस्थेच्या साथीनं त्यांनी वालाघेवड्याचे आणि भाज्यांचे गावरान वाण राखले, बियाण्याची बँक उभी केली. २०२० ला पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांच्या घरामागं आज वालाचा एक वेल आहे, हे मला विचारावंसं वाटतं.

आता कामाचं बोलतो. नुसतं भांडून वाफा होत नाही. येत्या पंधरा दिवसांत हे करा.

पहिलं, पाला जाळू नका. आता बदाम, वड, जांभूळ झाडून लोक सकाळी शेकोटी करतात. कोपऱ्यात तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. पाला, शेण, चूल असेल तर थोडी राख, पुन्हा पाला, असे थर द्या, ओल ठेवा. पावसाळ्यापर्यंत खत हाताशी येतं. थोडा वाळला पाला रोपांच्या बुडाशी पसरा, पाणी कमी लागतं.

दुसरं, सगळे वाफे एका दिवशी पेरू नका. हीच चूक घरोघर होते. मग एकदम मेथीचा ढीग येतो आणि नंतर महिनाभर काही नाही. आठवड्याला एक वाफा पेरा. मेथी चार-पाच दिवसांत उगवते, महिन्यात खुडायला येते. धने रगडून दोन फाका करून पेरा. थंडीत कोथिंबीर दहा-बारा दिवस घेते, उगवलं नाही म्हणून उकरू नका. पालक बुडापासून न उपटता कापा, तीन-चार वेळा देतो. मुळा दीड महिन्यात. लसणाच्या पाकळ्या राहिल्या असतील तर लगेच लावा, उशीर झाला की गड्डा बारीक राहतो. वाटाणा लावायचा तर लवकर येणारी जात, दोन महिन्यांत शेंग.

तिसरं, पाणी सकाळी द्या. संध्याकाळी पान ओलं राहिलं की थंडीत रोग धरतो. वालावर मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरानं धुवा, नाही हटला तर निंबोळी. वाटाण्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. दाटी कमी करा, खराब पानं काढून लांब टाका.

चौथं, मोरीचं पाणी केळीला, कर्दळीला, शेवग्याला द्या. साबणाचं पाणी पालेभाजीवर सोडू नका. आणि ज्याच्या बोअरच्या पाण्याला रंग किंवा वास आहे त्यानं आधी पाणी तपासून घ्यावं. कारखान्याच्या पट्ट्यात राहतो आपण, हे विसरून चालणार नाही.

रोजची वीस मिनिटं लागतात. मोबाईलवर बोट सरकवण्यात याच्या तिप्पट जातात. वेळ नाही असं मला सांगू नका.

आता चंपाषष्ठी येईल. निमगावच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवू, आणि तालुका शेतकऱ्यांचा असून निम्म्या घरांत भरताचं वांगं बाजारातून येईल. या वेळी ते बदलायला उशीर झालाय. पण भोगीला अजून दीड महिन्यावर वेळ आहे. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर आज टाकली तर तोवर हातात येते. भोगीच्या दिवशी ताटात परसातलं काय होतं, ते प्रत्येकानं इथं लिहायचं. फोटो नको, नुसतं नाव लिहा. ज्यांच्याकडं काहीच नसेल त्यांनी तेही लिहा, म्हणजे गावागावात किती परस उरलंय याचा निदान आपल्यापुरता तरी मोजदाद होईल. सरकार मोजत नाही तर आपण मोजू.

आणि ज्यांच्या दारात उद्या खडीचा ट्रक यायचा आहे, त्यांना एकच विनंती. त्याला आजच्या दिवस थांबवा. घरातल्या बाईला परसात घेऊन जा, आणि विचारा, किती जागा ठेवू? ती सांगेल तिथं दोरी लावा. खडी त्या दोरीच्या अलीकडं पडू द्या.

वाद घालायचा असेल तर मी आहेच. पण आधी एक वाफा टाका, मग भांडायला या.